जुन्या बसमध्ये ट्रकचं डिझेल इंजिन बसवताना

बसचं मूळ इंजिन दुरुस्तीपलीकडे गेलंय, सुटे भाग मिळेनासे झालेत, पण चेसिस आणि बॉडी अजून दणकट आहे. अशा वेळी ट्रकचं चालू इंजिन घालणं हा चांगला मार्ग आहे. नवखा माणूस मात्र सुरुवातच चुकीच्या प्रश्नाने करतो: किती हॉर्सपॉवरचं घेऊ? हॉर्सपॉवर हा यातला सर्वात सोपा भाग. अडतं ते इंजिनाची फिरण्याची दिशा, डिफरन्शियलचं गुणोत्तर, बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं घर) आणि रेडिएटर इथे. म्हणून पहिल्या दोन पायऱ्यांना पाना लागत नाही, खडू आणि कॅल्क्युलेटर लागतो.

पायरी १ : इंजिन कुठल्या दिशेने फिरतं ते बघा

बहुतेक सगळी ट्रक इंजिनं समोरून, म्हणजे पुलीच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतात. इंजिन पुढे असलेल्या बसमध्ये मांडणी ट्रकसारखीच असते, तिथे चिंता नाही. मागे उभं, म्हणजे लांबीच्या दिशेने बसवलेलं इंजिन असेल तर फ्लायव्हील पुढच्या बाजूला येतं आणि शाफ्ट मागून डिफरन्शियलमध्ये शिरतो. त्या बसचा मागचा अ‍ॅक्सल त्याच हिशेबाने बनवलेला असतो. ट्रकचा अ‍ॅक्सल तिथे तसाच उचलून लावता येत नाही.

खरी मेख आडव्या इंजिनाची. मागे आडवं इंजिन आणि कोनी गिअरपेटी (फिरणं कोनात वळवून शाफ्टला देणारी) असलेल्या काही जुन्या बसमध्ये मूळ इंजिन उलटं फिरणारं असायचं. डेट्रॉइट डिझेलची ७१ मालिकेतली टू-स्ट्रोक इंजिनं दोन्ही दिशांची मिळत, त्यामुळे बस बनवणाऱ्याला ते सोयीचं होतं. फोर-स्ट्रोक ट्रक इंजिन असं उलटं फिरवता येत नाही. कॅमशाफ्ट, डिझेल पंप, ऑइल पंप, वॉटर पंप, सेल्फ, सगळं एकाच दिशेसाठी घडवलेलं असतं. दिशा न बघता इंजिन घातलं, तर बसला पुढे जायला एक गिअर आणि मागे जायला चार-पाच, अशी अवस्था होते.

तपासणी सोपी आहे. जुना सेल्फ चालत असेल तर डिझेल बंद ठेवून अर्धा फेरा फिरवा आणि पुली कुठे जाते ते बघा. सेल्फ मेलेला असेल आणि गिअर हाताने टाकायचे असतील (ऑटोमॅटिक नसेल), तर मागची दोन्ही चाकं उचला, चेसिस स्टँडवर टेकवा, टॉप गिअर टाका आणि दोन्ही चाकं पुढच्या दिशेने फिरवून पुलीकडे लक्ष ठेवा. दिशा उलटी निघाली, तर कोनी पेटी किंवा अ‍ॅक्सल बदलावा लागेल. बहुतेक वेळा त्या खर्चात दुसरी बस येते.

पायरी २ : वेगाचा हिशेब

ट्रक डिझेलची कमाल फेरगती साधारण २१०० ते २८०० आरपीएम. जुनं पेट्रोल इंजिन ३२०० किंवा त्याहून वर जायचं. डिफरन्शियल तेच ठेवलं तर ताकद वाढते आणि बस हळू होते! सूत्र असं:

वेग (किमी/तास) = आरपीएम × चाकाचा परीघ (मीटर) × ०.०६ ÷ (गिअरचं गुणोत्तर × डिफरन्शियलचं गुणोत्तर)

परीघ कॅटलॉगमधून घेऊ नका. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, हवा योग्य भरून चाक एक पूर्ण फेरा पुढे ढकला आणि टेपने मोजा. १०.००-२० मापाच्या टायरला सुमारे ३.२ मीटर मिळतात. समजा डिफरन्शियल ६.१७ आणि टॉप गिअर १.०० आहे. जुनं इंजिन ३२०० आरपीएमला बस १०० किमी वेगाने नेत होतं. नवं २५०० ला थांबतं, म्हणजे फक्त ७८. आणि डिझेलला मानवणाऱ्या १८०० आरपीएमला तर ५६!

उपाय दोन. ०.७८ चा ओव्हरड्राइव्ह असलेला ट्रकचा गिअरबॉक्स घेतला, तर १८०० ला ७२ किमी मिळतात. डिफरन्शियल ४.८८ चं केलं तरी जवळपास तेच, ७१. शक्य असेल तेव्हा पहिला मार्ग धरावा, कारण त्यात पहिला गिअर जड राहतो आणि चढावर बस उठते.

डिफरन्शियल बदलायचंच असेल तर चढाचा हिशेब करून बघा. क्लच सोडताना इंजिन ४०० न्यूटन-मीटर देतंय, पहिला गिअर ६.०, डिफरन्शियल ४.८८, म्हणजे एकूण २९.३. वाटेतली गळती १५ टक्के आणि चाकाची त्रिज्या ०.५१ मीटर धरली, तर जमिनीवर सुमारे १९,५०० न्यूटन ओढ मिळते. १२ टनांच्या बससाठी ती १५ टक्के चढावर उठायला पुरेशी आहे. हा आकडा १२ टक्क्यांखाली येत असेल तर ते गुणोत्तर सोडून द्या. क्लच प्लेट दर काही महिन्यांनी बदलत बसावी लागेल.

पायरी ३ : कुठलं इंजिन घ्यावं

शिकाऊ हातांसाठी यांत्रिक पंपाचं इंजिन बरं. कमिन्सचं ५.९ लिटरचं ६बीटी हे जगभर याच कारणासाठी बसांमध्ये गेलंय: सहा सिलिंडर, १०२ मिमी बोअर, १२० मिमी स्ट्रोक, आणि बंद करायच्या सोलेनॉइडला एक वायर दिली की चालू. त्यातही पंप दोन तऱ्हेचे सापडतात. बॉशचा गोल व्हीई पंप डिझेलमध्येच भिजून वंगण घेतो, त्यामुळे पाणीमिश्रित डिझेल त्याला मारतं. लांबट पी७१०० पंप इंजिनाचं ऑइल घेतो आणि जास्त टिकतो. या इंजिनाची एक जुनी खोड आहे. पुढच्या गिअर केसमधली छोटी डॉवेल पिन कंपनाने सरकत बाहेर येते आणि टायमिंगच्या गिअरांमध्ये पडू शकते. इंजिन बाहेर आहे तोवर पुढचं कव्हर उघडून त्या पिनीवर पत्र्याची पट्टी बोल्टखाली दाबून टाका. एकदा बसमध्ये चढलं की तिथे हात पोचणं कठीण.

कॉमन रेल इंजिन, म्हणजे कॉम्प्युटरच्या ताब्यातलं उच्च दाबाचं इंजेक्शन असलेलं, कमी धूर करतं, आवाज कमी, पिकअप चांगला. पण ते घेताना इसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग, अ‍ॅक्सिलरेटर पेडल, चावी आणि इमोबिलायझर, सगळं एकाच गाडीतून यायला हवं. एक कनेक्टर कापलेला असला तरी तो व्यवहार सोडा.

इंजिन एकटं विकत घेऊ नका, जमलं तर अख्खा ट्रक घ्या. गिअरबॉक्स, क्लच, प्रोपेलर शाफ्ट, रेडिएटर, इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा), एअर फिल्टर, पेडल, फाउंडेशनचे (इंजिन टेकतं त्या बैठकीचे) रबर, पॉवर स्टीअरिंगचा पंप हे सुटं गोळा करताना जितके पैसे जातात, त्यात बहुतेकदा ट्रक येतो, आणि उरलेलं भंगारात विकता येतं. शिवाय ट्रक उभा असताना मापं घेता येतात: इंजिनाचा कल किती अंश, रेडिएटरपासून फॅन किती लांब, पाइपांचे व्यास किती. हे सगळं फोटोसह लिहून ठेवा.

कागदपत्रं इथेच उरका. नोंदणीत इंजिनाचा क्रमांक आणि प्रकार असतो, प्रदूषणाची अटही असते. बदलाची परवानगी आधी मागावी. नंतर मागितलेली नाकारली गेली तर इंजिन पुन्हा उतरवावं लागतं.

पायरी ४ : घेण्याआधी इंजिन तपासा

इंजिन थंड असतानाच जा. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर परत फिरा, दुसऱ्या दिवशी या.

थंड स्टार्टला थोडा पांढरा धूर चालतो, तो मिनिटाभरात जायला हवा. निळा धूर राहिला तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलेत. ऑइल भरायचं झाकण सैल करून तोंडावर उलटं ठेवा. थरथरलं तर ठीक, उडून पडलं तर पिस्टनशेजारून गॅस खाली येतोय. इंजिन गरम झाल्यावर ऑइलचं प्रेशर गेजने मोजा, डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका. ६बीटीसाठी किमान आयडलला ०.७ बार आणि कमाल फेरगतीला २.१ बार. तब्येतीत असलेलं इंजिन याच्या बरंच वर असतं. रेडिएटरच्या झाकणाखाली सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅसकेट किंवा हेडलाच तडा. टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवा. बाजूला किंचित हलणं साहजिक आहे, पण पातं घराला घासत असेल किंवा शाफ्ट पुढेमागे जाणवण्याइतका सरकत असेल तर टर्बो धरूनच भाव करा.

पायरी ५ : जुनं इंजिन उतरवण्याआधीची मापं

ही पायरी सगळे गाळतात. जुनं इंजिन जागेवर असतानाच पुढच्या गोष्टी मोजा:

- क्रँकपुलीच्या मध्यापासून चेसिसच्या वरच्या कडेपर्यंतची उंची, आणि चेसिसच्या मध्यरेषेपासून डावी-उजवीकडचं अंतर. काही बसमध्ये इंजिन मुद्दाम एका बाजूला सरकवलेलं असतं.
- गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजची जागा आणि कल. कल मोजायला डिजिटल अँगल गेज वापरा.
- चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) तळापासून पुढच्या अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतर, पाटे पूर्ण दाबले गेले असं धरून. रिकामी बस उभी असताना मोजलेलं अंतर फसवं असतं. बंप स्टॉपपर्यंत अ‍ॅक्सल अजून किती वर येईल ते त्यातून वजा करा, तरीही ३० मिमी उरले पाहिजेत.
- पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलवरचं वजन, काट्यावर. डेट्रॉइट ६-७१ सुमारे एक टनाचं होतं, ६बीटी त्याच्या निम्म्याहूनही हलकं. वजन इतकं बदललं की पाटे आणि ब्रेकचा समतोल दोन्ही बदलतात.

ट्रकच्या इंजिनाचं चेंबर खोलगट भाग पुढे असलेलं की मागे असलेलं, हे बघून घ्या. एकाच इंजिनाला वेगवेगळ्या गाड्यांसाठी दोन-तीन आकारांची चेंबरं बनतात. चेंबर कापून जोडण्यापेक्षा योग्य चेंबर, त्याच्या सोबतचा ऑइल सक्शन पाइप आणि डिपस्टिक असा संच शोधावा.

पायरी ६ : बेल हाउसिंग आणि क्लच

ट्रक इंजिनांची फ्लायव्हील हाउसिंगं बहुधा एसएई या प्रमाणित मापांत असतात. तिन्ही नेहमीच्या मापांना १२ बोल्ट असतात, त्यामुळे नुसते बोल्ट मोजून कळत नाही, व्यास मोजा. बोल्टच्या वर्तुळाचा व्यास एसएई १ ला ५३०.२ मिमी, एसएई २ ला ४६६.७ मिमी, एसएई ३ ला ४२८.६ मिमी. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही एकाच मापाचे निघाले तर तुमचं अर्धं काम वाचलं.

नसतील तर अ‍ॅडॅप्टर प्लेट लागते, आणि इथेच चुका होतात. समजा प्लेट २० मिमी जाड केली. गिअरबॉक्स तेवढा मागे गेला, म्हणून इनपुट शाफ्टचं टोक पायलट बेअरिंगमध्ये (क्रँकच्या टोकातलं, त्या शाफ्टला आधार देणारं) २० मिमी कमी शिरतं. क्लच प्लेट शाफ्टच्या दात्यांवर पूर्ण बसत नाही. रिलीज बेअरिंगही बोटांपर्यंत पोचत नाही. तिन्ही अंतरं कागदावर मांडून मगच प्लेट लेथवर द्या. पायलट बेअरिंग गिअरबॉक्सकडे आणायला क्रँकमध्ये बसणारा बुश करता येतो. क्लच प्लेट अशी निवडावी की तिचे दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टला जुळतील आणि व्यास ट्रकच्या प्रेशर प्लेटला.

प्लेट बसल्यावर डायल गेज फ्लायव्हीलला चिकटवा, इंजिन हाताने फिरवा आणि हाउसिंगच्या आतल्या कडेवर व सपाट तोंडावर फरक बघा. दोन्हीकडे ०.२० मिमीच्या आत हवा. जास्त असेल तर गिअरबॉक्सचा शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला वाकतो. लक्षणं ओळखीची आहेत: क्लच प्लेटचा मधला हब तुटणं, पायलट बेअरिंगचा किंचाळा, टॉप गिअरमधून आपोआप सुटणं. लोक गिअरबॉक्स उघडतात, दोष मात्र हाउसिंगमध्ये असतो.

गिअरबॉक्स जोडताना शेवटचे १० मिमी बोल्ट आवळून ओढून घेऊ नका. तो हाताने सरकून टेकला पाहिजे. टेकत नसेल तर क्लच प्लेट मध्यावर नाही.

ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट (फ्लायव्हीलच्या जागची पातळ तबकडी) यांच्यामध्ये, हाउसिंग पूर्ण बसल्यावर, सुमारे ३ मिमी फट राहिली पाहिजे; मग कन्व्हर्टर पुढे ओढून बोल्ट लावायचे. फट नसेल तर कन्व्हर्टर क्रँकला सतत पुढे ढकलतो आणि थ्रस्ट बेअरिंग खाऊन टाकतो. सगळं जोडल्यावर क्रँकचा पुढेमागे ढिलेपणा कायम आहे ना, ते बार लावून तपासा.

पायरी ७ : फाउंडेशन

इंजिन आणि गिअरबॉक्स जोडूनच आत न्या. दोन्ही मिळून ६०० किलोच्या वर सहज जातात, म्हणून दोन टनांची चेन पुली किंवा क्रेन घ्या. लटकत्या इंजिनाखाली कुणीही जायचं नाही, एक सेकंदही नाही.

आधी लाकडी ठोकळ्यांवर इंजिन हव्या त्या उंचीला, हव्या त्या कलात टेकवा आणि मगच ब्रॅकेट मापून बनवा. चेसिसच्या उभ्या भागालाच भोकं पाडा. वरची-खालची आडवी पट्टी, म्हणजे फ्लँज, भोकाने किंवा वेल्डिंगने कमजोर केली की चेसिस तिथेच फाटते. उष्णता दिलेल्या पोलादाच्या चेसिसला तर वेल्डिंगचा हातही लावू नये. ब्रॅकेट ८ ते १० मिमी जाडीच्या पत्र्याचा, मागे पट्टी देऊन, ८.८ ग्रेडच्या बोल्टनी. एम१२ बोल्टला सुमारे ८० न्यूटन-मीटर, एम१६ ला सुमारे २००.

रबर ट्रकचेच वापरा. कडक रबर घातलं की सगळी थरथर बसच्या पत्र्यात जाते आणि खिडक्या वाजायला लागतात.

पायरी ८ : प्रोपेलर शाफ्ट

गिअरबॉक्सचा फ्लँज आणि डिफरन्शियलचा फ्लँज एकमेकांना समांतर हवेत, फरक १ अंशाच्या आत. प्रत्येक जॉइंटवरचा कोन १ ते ३ अंश असावा. कोन शून्य असेल तर जॉइंटच्या सुया एकाच जागी टेकून राहतात आणि खड्डे पाडतात, त्यामुळे थोडा कोन मुद्दाम ठेवायचा. मोजणी बस चाकांवर उभी असताना, नेहमीच्या वजनात करा, जॅकवर नाही. लांबी बदलली असेल तर शाफ्ट कापून जोडल्यावर बॅलन्सिंग करून घ्या आणि दोन्ही टोकांची योक एका रेषेत आहेत ते पाहा. पाटे दाबले जातात तेव्हा सरकत्या सांध्याला आत जायला जागा हवी.

पायरी ९ : रेडिएटर आणि इंटरकूलर

अयशस्वी प्रयोगांची सर्वाधिक कारणं इथे सापडतात. ट्रकमध्ये रेडिएटर तोंडावर असतो आणि वारा आपसूक येतो. बसमध्ये, विशेषतः मागे इंजिन असताना, तो बाजूला किंवा मागे असतो, वारा फक्त फॅन देतो, आणि इंजिनाच्या खोलीतली गरम हवा पुन्हा रेडिएटरमध्ये शिरायला टपलेली असते.

ट्रकच्या रेडिएटरइतकंच क्षेत्रफळ निदान द्या, मागच्या इंजिनाला त्याहून थोडं जास्त. रेडिएटरभोवती रबराच्या पट्ट्या लावून कडेच्या सगळ्या फटी बंद करा, म्हणजे आत येणारी हवा फक्त बाहेरूनच येईल. रेडिएटरला लागून पूर्ण झाकणारा श्राउड (फॅनभोवतीचं पत्र्याचं वेष्टण) हवा. ओढणाऱ्या फॅनची पाती श्राउडच्या तोंडात सुमारे दोन तृतीयांश आत असावीत आणि टोकाशी फट १२ ते २५ मिमी. इंजिन रबरावर हलतं, श्राउड चेसिसवर असतो, म्हणून फट त्याहून कमी करू नका.

फॅनची दिशा बदलली असेल तर तोच फॅन पालथा घालून काही होत नाही. पालथा घातला तरी तो हवा त्याच दिशेला फेकतो, फक्त कमी फेकतो. उलट दिशेचा फॅन वेगळा मागवावा लागतो.

आता हवेचे बुडबुडे. पाण्याची वरची टाकी सगळ्या यंत्रणेत सर्वात उंच हवी, अगदी बसच्या हीटरपेक्षाही. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातून आणि थर्मोस्टॅटच्या घरातून ६ ते ८ मिमीच्या दोन बारीक नळ्या टाकीच्या वरच्या भागात न्या. नळी वाटेत कुठेही खाली वाकता कामा नये. टाकीच्या तळातून २५ मिमीची जाड नळी थेट वॉटर पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला. ही तिसरी नळी विसरली तर पंप निर्वातात फिरतो, पाणी मध्ये असूनही इंजिन तापतं, आणि माणसं थर्मोस्टॅट काढून फेकतात. थर्मोस्टॅट काढणं हा उपाय नाही. पाणी न थांबता फिरत राहतं आणि थंड इंजिन धूर ओकत सिलिंडर झिजवतं.

इंटरकूलर ट्रकला असेल तर बसला हवाच. तो न घालता चालवलं तर आत जाणारी हवा १०० अंशांच्या वर जाते, ताकद घटते आणि पिस्टन, व्हॉल्व्ह भाजतात. जागा नाहीच मिळाली तर पंपावर डिझेल कमी करून घ्या.

पायरी १० : हवा आणि सायलेन्सर

स्वच्छ हवेचं तोंड उंचावर, धुळीपासून आणि सायलेन्सरच्या धुरापासून दूर घ्या. मागच्या चाकाजवळ तोंड ठेवलं तर फिल्टर आठवड्याला भरतो. फिल्टरनंतर टर्बोच्या आधी ओढ मोजा: नवा फिल्टर असताना पाण्याच्या ३८० मिमीपेक्षा कमी, आणि ६३५ मिमी झाली की फिल्टर बदला. फिल्टर ते टर्बो या पाइपात एकही ढिली क्लिप नको, कारण तिथून गेलेली धूळ गाळलेली नसते.

५.९ लिटरच्या टर्बो इंजिनाला १०० मिमीचा एक्झॉस्ट पाइप पुरतो. टर्बोच्या लगेच पुढे लवचिक बेलो लावा, पाइपाचं वजन टर्बोवर टाकू नका. टर्बोमधून ऑइल परत येणारी नळी जवळजवळ उभी खाली यायला हवी. ती आडवी किंवा वळसे घेत आणली की ऑइल तुंबतं, सीलमधून निघतं आणि लोक चांगला टर्बो दोषी ठरवतात.

सर्वात मोठा धोका आगीचा. डिझेलची किंवा ऑइलची कुठलीही नळी टर्बो आणि एक्झॉस्टच्या वरून नेऊ नका. गळालेला थेंब खाली तापलेल्या लोखंडावर पडतो. बसच्या फळीपासून एक्झॉस्ट निदान १०० मिमी लांब ठेवा, मध्ये पत्र्याची ढाल, आणि फळीला खालून न जळणारं आच्छादन. इंजिनाच्या खोलीतला जुना तेलकट फोम काढून टाका.

पायरी ११ : डिझेल

टाकीपासून इंजिन लांब असेल तर आत १० ते १२ मिमी व्यासाची नळी घ्या, परतीची नळीही बारीक नको. परतीला अडथळा आला की व्हीई पंपाचं टायमिंगच बिघडतं. परतीची नळी टाकीत ओढणाऱ्या नळीपासून लांब सोडा, नाहीतर फेसाळलेलं गरम डिझेल लगेच पुन्हा ओढलं जातं. गॅल्व्हनाइज्ड पाइप वापरू नका. डिझेल जस्त सोडवतं आणि ते नोझलमध्ये जाऊन बसतं. जुनी टाकी उतरवून आतून धुवा. पाणी वेगळं करणारा फिल्टर फीड पंपाच्या आधी.

पायरी १२ : ब्रेकची हवा, स्टीअरिंग, पेडल

बसला एअर ब्रेक आणि ट्रकच्या इंजिनावर कॉम्प्रेसर नाही, असं निघालं तर त्या इंजिनाला बसणारा गिअरवर चालणारा कॉम्प्रेसर शोधा. पट्ट्यावरचा कॉम्प्रेसर जुगाड म्हणूनही नको: पट्टा तुटला की ब्रेकची हवा भरायची थांबते. उलट, बसला व्हॅक्युमचा ब्रेक असेल तर डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्युम नसतो, वेगळा व्हॅक्युम पंप लावावा लागेल. कॉम्प्रेसर ते पहिली टाकी ही नळी निदान दोन मीटर, धातूची, सतत उतार असलेली. आखूड नळीत गरम हवा ड्रायरपर्यंत पोचते आणि त्याची वाट लावते. काम झाल्यावर घड्याळ लावून बघा: कमाल फेरगतीला ५.९ बारपासून ६.९ बारपर्यंत यायला ४५ सेकंदांपेक्षा जास्त लागता कामा नयेत.

पॉवर स्टीअरिंगच्या पंपाचं प्रेशर आणि प्रवाह बसच्या स्टीअरिंग बॉक्सच्या आकड्यांशी जुळवा. प्रवाह कमी असेल तर आयडलला वळवताना चाक जड होतं. अ‍ॅक्सिलरेटरची केबल पूर्ण दाबल्यावर पंपाचा दांडा त्याच्या थांब्याला टेकतोय का, आणि सोडल्यावर पूर्ण परत येतोय का, हे दोघांनी मिळून बघा. परतीला दोन स्प्रिंगा लावा.

पायरी १३ : वायरिंग

बस २४ व्होल्टची आणि इंजिन १२ व्होल्टचं, हे वारंवार घडतं. अशा वेळी सेल्फ, अल्टरनेटर, डिझेल बंद करणारं सोलेनॉइड आणि हवा तापवणारा हीटर, चारही बदलायचे. १२ व्होल्टचं सोलेनॉइड २४ वर काही मिनिटांतच जळतं. इंजिन ते चेसिस अशी जाड अर्थिंगची पट्टी लावा. ती नसेल तर सेल्फचा करंट क्लचच्या केबलमधून आणि बेअरिंगांतून वाट काढतो.

इसीयू असलेल्या इंजिनाला वीज थेट बॅटरीवरून, स्वतंत्र फ्यूजमधून. क्लच, ब्रेक आणि वेगाचे संकेत मिळाले नाहीत तर इसीयू ताकद कापतो. जे१९३९ च्या (इसीयू आणि इतर यंत्रणांमध्ये संदेश नेणाऱ्या) दोन तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात; वीज बंद करून तारांमध्ये ६० ओहम आले पाहिजेत. १२० दाखवले तर एक रेझिस्टर गायब आहे. आणि वेल्डिंग करताना बॅटरीच्या तारा आणि इसीयूचे कनेक्टर काढलेले हवेत, दर वेळी.

पायरी १४ : पहिला स्टार्ट

१. चेंबरमध्ये मोजून ऑइल घाला. इंजिनाचा कल ट्रकपेक्षा वेगळा असेल तर डिपस्टिक खोटं सांगते. इंजिनाच्या पुस्तकातलं प्रमाण भरून नवी खूण करा.
२. ऑइल फिल्टर भरून लावा. टर्बोच्या वरच्या नळीतून थोडं ऑइल ओता.
३. कूलंट भरताना वरच्या नळ्यांची टोकं सोडून हवा जाऊ द्या.
४. फीड पंपाच्या हातपंपाने डिझेलमधली हवा काढा. यांत्रिक पंप असेल तर नोझलचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारता येतो. कॉमन रेल इंजिनावर हे कधीही करू नका: तिथे १००० बारच्या वर दाब असतो आणि ती धार कातडीतून आत शिरते.
५. डिझेल बंद ठेवून सेल्फ मारा, ऑइलचं प्रेशर दिसेपर्यंत. एका वेळी १५ सेकंद, मग दोन मिनिटं विश्रांती.
६. इंजिन बेफाम सुटलं तर हवा बंद करायला टर्बोच्या तोंडाएवढी जाड लोखंडी पट्टी हाताशी ठेवा. हाताने किंवा कापडाने तोंड झाकायला जाऊ नका.
७. सुरू करा. १५ सेकंदांत प्रेशर आलं नाही तर बंद.

प्रेशर आल्यावर १००० ते १२०० आरपीएमवर गरम होऊ द्या आणि त्या वेळात टॉर्च घेऊन प्रत्येक सांधा बघा. बराच वेळ आयडलवर ठेवण्यात अर्थ नाही. नुसत्या आयडलला डिझेल इंजिन नीट तापत नाही.

पायरी १५ : रस्त्यावर

पहिली फेरी रिकाम्या बसची, ओळखीच्या सपाट रस्त्यावर. दुसरी वजन भरून, लांब चढावर, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन. रेडिएटरची खरी परीक्षा तिथेच होते. चढाच्या माथ्यावर कूलंटचं आणि बाहेरच्या हवेचं तापमान लिहा. बाहेर ३० आणि कूलंट ९७ असेल तर फरक ६७. उन्हाळ्यात बाहेर ४२ झाले की कूलंट १०९ ला जाणार, म्हणजे रेडिएटर कमी पडतोय. पावसाळी गारव्यात बस ठीक चालली म्हणून समाधान मानू नका. चढ संपल्यावर टर्बो थंड व्हायला तीन-चार मिनिटं आयडलवर ठेवून मगच बंद करा.

परतल्यावर खाली सरपटत जाऊन फाउंडेशनचे बोल्ट, प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट, इंटरकूलरच्या क्लिपा आणि एक्झॉस्टचे नट पुन्हा आवळा. ५०० किमीनंतर तेच पुन्हा, सोबत ऑइल, ऑइल फिल्टर आणि दोन्ही डिझेल फिल्टर बदला. जुन्या टाकीतली आणि नव्या नळ्यांतली घाण याच वेळी फिल्टरमध्ये सापडते. स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालत असेल, तर नव्या गुणोत्तरांमुळे तो चुकीचा वेग दाखवेल. जीपीएसशी ताडून त्याचा छोटा गिअर बदलून घ्या.